छपरावरचा खांब

कायाबाशी (जुनं गाव, नव्यात मी अजून पाऊल टाकलेलं नाही)
१२ मार्च १९७२

चि. दुर्मुश यास थोरली बहीण येतेर आब्ला हिचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या डोळ्यांचे मुके घेते, तब्येत विचारते. आमचं विचारशील तर मी बरी, शेळ्या बऱ्या, गुडघे बरे नाहीत. पत्राचा रिवाज इथे संपला, आता मुद्द्याचं बोलते.

गाव उठलं रे. दोन मैलांवर डांबरी सडकेला लागून सरकारनं सिमेंटची नवी घरं बांधली. सगळी एका साच्यातली, लाल कौलांची, बायकांना आपलं घर कुठलं ते दारात वाळत घातलेल्या विजारींवरून ओळखावं लागतं. तुझा बालमित्र हमदी आता मुख्तार होऊन गावाचा कारभार बघतोय, गावाची मोहोर खिशात घालून पोट पुढे काढून चालतो. त्यानं आपल्या ट्रॅक्टरवर घालून पन्नास घरांचा संसार तिकडे नेला. इथे उरलो दोघं. एक मी आणि दुसरा गल्लीपलीकडचा गळका रिझा. म्हणजे मी एकटीच म्हण. त्या माणसाला शिव्या दिल्या तर ऐकू येत नाही आणि चहा उकळला तर तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं.

का उठलं, तर आपल्या गावाखाली शहर आहे म्हणून! जसं काही आपल्याला हे नवीन सांगताहेत. नाटकघराच्या पायऱ्यांवर शेळ्या बांधून आपण मोठे झालो. आईनं तुझी लंगोटी बादशहाच्या पाठीवर आपटून धुतली (त्याला मुंडकं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं कधी तक्रार केली नाही). बिशपच्या न्हाणीघरात आजही रिझाच्या कोंबड्या अंडी घालतात. राजे आले, रोमवाले आले, पाद्री आले, भूकंप आला, मग आपण आलो. सगळ्यांनी आधीच्याचे दगड उचलून आपली घरं बांधली आणि एकानंही कुणाची परवानगी मागितली नाही. परवानगी मागायची पद्धत फक्त आपल्या वेळी सुरू झाली.

खणायला इस्तंबूलहून प्रोफेसर मुअल्ला हानम आल्यात. काडीसारखी बाई, डोक्यावर एवढी मोठी टोपी, बोलते मात्र गोड. जुन्या बाजाराच्या ओवरीतला एक खांब त्या जुळवताहेत. भूकंपात त्याचे सहा तुकडे झाले होते, पाच सापडले. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत अक्षरं आहेत. वरच्या तुकड्यांवर लिहिलंय म्हणे, की मेनिप्पोसनं बाजाराला कबूल केलेला हा खांब, आणि पुढचा मजकूर हरवलेल्या तुकड्यावर. बाईंनी 'मेनिप्पोसचा खांब' अशी पाटीसुद्धा रोवली. परवा माझ्याकडे चहाला आल्या, अंगणात बसून चीज घालून केलेली पोळी खाल्ली, आणि खाता खाता त्यांची नजर जी वर गेली ती खाली येईना. वर काय, तर आपला छपराचा रूळ.

आता तो रूळ म्हणजे खांबाचा तुकडा आहे हे कुणाला ठाऊक नाही? गावातले सगळेच रूळ तसले. मातीचं छप्पर, पाऊस पडला की ओल जायच्या आत रूळ फिरवून माती दाबायची, नाही दाबली तर घर वितळतं. त्यासाठी गोल, जड दगड लागतो, आणि गोल दगड घडवत कोण बसणार, जेव्हा दारात तयार पडलेत! आपल्या पणज्यानं रोमच्या बाजाराचा खांब अक्षरशः धाब्यावर बसवला, यात मला काही चुकीचं वाटत नाही.

बाई शिडीनं वर चढल्या. माप घेतलं, जाडी तंतोतंत जुळली. पण अक्षरं नाहीत. दुर्मुश, तुला आठवतं, लहानपणी बाबा आपल्याला रूळ धुवून ती अक्षरं दाखवायचे? मुंग्यांची रांग म्हणायचास तू. आता दगड अंड्यासारखा गुळगुळीत आहे. तू गेलास त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून मीच फिरवतेय. मीच झिजवली असणार ती अक्षरं. बाई छपरावर मटकन बसल्या, चेहरा असा की घरात मयत झालंय. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी म्हणाल्या, जाडी जुळतेय तर दगड द्या. मी साफ नाही म्हटलं. रूळ गेला तर एका हिवाळ्यात छप्पर जाईल आणि छप्पर गेलं की घर गेलं. आईनं मरताना माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, दुर्मुशच्या अंथरुणावर पाणी ठिबकता कामा नये. तुझी गादी मी अजून खिडकीपाशी घालून ठेवते. तू येशील तेव्हा कुठे झोपशील, खांबावर?

पत्राचं उत्तर लगोलग पाठव. लोभ आहेच, तो गळू देऊ नये.

तुझी
येतेर आब्ला


श्टुटगार्ट
२ एप्रिल १९७२

ती. येतेर आब्ला हिस दुर्मुशचा सा. न. वि. वि.

तुझ्या हातांचे मुके घेऊन डोक्याला लावतो. पत्र पोचलं, वाचून कारखान्यातल्या सगळ्या मंडळींना आनंद झाला, कारण मी ते मोठ्यानं वाचतो. आमच्या खोलीतला त्राब्झोनचा तेमेल तर बादशहाच्या पाठीपाशी इतका हसला की खाटेवरून पडला. त्यानं तुला सलाम सांगितलाय.

इथे सर्व क्षेम आहे. थंडी आहे, पण कामाच्या ठिकाणी भट्टी आहे. जेवणाला बटाटे, न्याहारीला बटाटे, आणि सणाला बदल म्हणून बटाट्याची कोशिंबीर. यंदाच्या उन्हाळ्यात मी येणार हे नक्की समज. गेल्या वर्षी रजा मिळाली नाही आणि त्याच्या आदल्या वर्षी गाडी बिघडली, पण यंदा नक्की.

आब्ला, रागावणार नसशील तर सांगतो. दगड देऊन टाक. तू आता एक्कावन्न वर्षांची आहेस. पावसात शिडी चढून दीड-दोन मण दगड ओढायचं हे वय नाही. एकोणीस नंबरचं घर चांगलं आहे, निळं दार आहे, अंगणात डाळिंबाचं झाड आहे. कौलांना रूळ लागत नाही. दगडाचा जीव तो काय, आणि त्यावर आपण किती जीव टाकावा!

अक्षरांचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. ती तू झिजवलेली नाहीस. मातीवर फिरून संगमरवर अकरा वर्षांत झिजत नाही, हे मी खात्रीनं सांगतो. प्रोफेसरबाईंनाही तसं सांग, आणि फार खोलात जाऊ नका म्हणावं.

रिझा आगाला सलाम. त्याची प्रकृती कशी आहे? छप्पर अजून गळतं का?

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर ठेव, मारायला उचलू नकोस.

तुझा आज्ञाधारक
दुर्मुश


कायाबाशी, जुनं गाव
२० एप्रिल १९७२

आज्ञाधारक दुर्मुश यास,

आशीर्वाद मागून देईन, आधी जबाब दे.

एकोणीस नंबरच्या घराचं दार निळं आहे हे तुला कसं कळलं? मी लिहिलं नाही. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा चालत नव्या गावात गेले, आणि आहे की दार निळं! डाळिंबही आहे! मग मी हमदीच्या कचेरीत जाऊन त्याच्या टेबलावर बसले. खुर्चीवर नाही, टेबलावर. अर्ध्या तासात त्यानं कागद काढून दिला. जुनं घर सरकारला सोडत आहे, बदल्यात एकोणीस नंबर मिळावा. खाली सही तुझी. वकिलातीचा शिक्का. तारीख गेल्या नोव्हेंबरची!

बाबांनी घर मुलाच्या नावावर केलं, कारण मुलगी काय, परक्याचं धन. परका दोन वर्षांत मेला, आणि धन बाविसाव्या वर्षी बोचकं घेऊन परत आलं. तेव्हापासून तुला शाळेत धाडलं मी, बाबांना मोतीबिंदूत हाताला धरून फिरवलं मी, आईचं अंथरूण काढलं मी, छपरावर रूळ फिरवला मी. आणि सही कुणाची लागते? बटाटे खाणाऱ्याची!

अरे, मला घराचा मोह आहे असं वाटतं का तुला? हे कसलं घर! भिंतीत पाद्र्याची कबर आहे आणि चुलीमागे विंचू आहेत. पण हे घर उभं आहे तोवर तू परत येणार आहेस. ते पडलं की तू कशाला येशील? डाळिंब खायला? एवढं साधं गणित आहे माझं, आणि तू ते मला न विचारता पुसून टाकलंस.

सप्टेंबरअखेर घर रिकामं करायचं असं कागदावर आहे. मी हमदीला सांगून आले, की रूळ हवा असेल तर मला त्याच्यावर बसवून खाली ओढा. गळका रिझाही हटणार नाही म्हणतो. का हटणार नाही ते सांगत नाही. त्याच्या घरात तर आत पाऊस जास्त आणि बाहेर कमी पडतो. परवाच्या सरीला सतरा पातेली मांडली होती त्यानं, मी छपरावरून मोजली. मी ओरडून विचारलं, की पातेल्यांची गाणी ऐकायला थांबलास का. त्याला नेहमीप्रमाणे ऐकू आलं नाही.

आणि दुसरं. अक्षरं मी झिजवलेली नाहीत याची तुला एवढी खात्री कुठून आली? चोराच्या मनात चांदणं असतं. खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळतं, तू लहानपणापासून खोटं बोलताना 'नक्की' हा शब्द वापरतोस. मागच्या पत्रात तो दोनदा आहे.

येतेर


श्टुटगार्ट
९ मे १९७२

ती. आब्ला, सा. न. वि. वि.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवलेलं नाही. चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, जसं येईल तसं पाठवतोय.

सही माझी. गेल्या वर्षी शिडीवरून पडून तू तीन आठवडे अंथरुणाला खिळलीस, हे तू मला लिहिलं नाहीस, हमदीनं लिहिलं. मला वाटलं, घरच नसलं तर तू वर चढणार नाहीस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हे चूक आहे, मला कळतं.

दुसरं. मी राहायला परत येणार नाही, आब्ला. पाच वर्षांपासून मला हे माहीत आहे. इथे हानेलोरे म्हणून एक बाई आहे, पावाच्या दुकानात काम करते, विधवा आहे, तुझ्यासारखीच बडबडी आहे. आम्ही गेल्या वसंतात लग्न केलं. दरवर्षी उन्हाळा आला की तुला सांगू म्हणतो आणि गाडी बिघडते. गाडी कधीच बिघडली नव्हती.

तिसरं सगळ्यात वाईट आहे.

आपल्या छपरावर आहे तो बाबांचा रूळ नाही.

मी सोळा वर्षांचा होतो. १९४६ची शरद ऋतूतली सर. बाबांचे डोळे गेले होते म्हणून रूळ फिरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. खाली विहिरीवर मुली होत्या, आणि मला त्यांना एका हातानं रूळ ओढून दाखवायचा होता. तो कडेवरून सुटला आणि खाली हौदावर आदळला. तळहाताएवढी कपची उडाली. कपची गेलेला रूळ काय कामाचा! दर फेरीला तेवढी माती दबायची राहते, आणि पाणी नेमकं तिथेच मुरतं. बाबांनी माझं काय केलं असतं ते तुला माहीत आहे. त्यांची काठी आंधळी नव्हती.

मग शुक्रवारी दुपारी, सगळे पुरुष नमाजाला गेले असताना, मी आणि हमदीनं गाढव जुंपून तो रूळ वरच्या वाटेनं रिझा आगाच्या छपरावर नेला, आणि त्याचा चांगला रूळ आपल्याकडे आणला. दोन्ही घरांची छपरं मागच्या बाजूनं वाटेला लागून आहेत, त्यामुळे सोपं गेलं. लाकडी चौकटीही बदलल्या. जाडी सारखी होती, कुणाला कळलं नाही.

तेव्हा प्रोफेसरबाईंचा खरा तुकडा रिझा आगाच्या छपरावर आहे. अक्षरं असतील, कपचीच्या दुसऱ्या अंगाला. आणि रिझा आगाचं छप्पर सव्वीस वर्षं गळतंय ते माझ्यामुळे.

आता तुला काय लिहायचं ते लिही. गाल पुढे केलाय.

दुर्मुश


कायाबाशी, जुनं गाव
३० मे १९७२

दुर्मुश,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चुलीत घातलं. चांगलं पेटलं.

लग्नाचं आणि जर्मन बाईचं नंतर बघू. तुझी गादी अकरा वर्षं रिकाम्या खिडकीची राखण करत होती, तेही नंतर बघू. त्यावर मला रडायला आलं आणि मी शेळीपाशी बसून रडले, शेळीनं माझा रुमाल खाल्ला.

पण रिझाचं तू काय केलंस हे तुला कळतंय का?

१९४८ साली, मी विधवा होऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हा रिझानं मला मागणी घातली होती. तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा लष्करात होतास. त्याची मावशी आली होती मागणं घेऊन. मला तो आवडायचा. आता एक्कावन्नाव्या वर्षी लिहायला कशाची लाज! त्याचे खांदे आवडायचे, आणि तो कमी बोलायचा हे आवडायचं. पण आदल्याच आठवड्यात पाऊस झाला होता, त्याच्या घरात घोटाभर पाणी होतं आणि आमचं कोरडं ठणठणीत. मी एकदा आळशी माणसाच्या घरात दोन वर्षं काढून आले होते, पुन्हा नको होतं. मी त्या मावशीला सगळ्या बायकांसमोर म्हटलं, ज्याला स्वतःचं अंथरूण कोरडं ठेवता येत नाही, तो मला काय आसरा देणार!

गाव हसलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव गळका रिझा पडलं. ते नाव मी दिलं, दुर्मुश. चोवीस वर्षं मी त्या नावानं त्याला हाक मारतेय. दर पावसाला छपरावर उभी राहून त्याची पातेली मोजतेय आणि हसतेय. आणि पायाखाली फिरवतेय कुणाचा रूळ, तर त्याचाच!

आता मी गल्ली ओलांडून त्याला काय सांगू? त्यानं काल माझ्या दारात अंड्यांची टोपली ठेवली. मला ती उचलवेना. प्रोफेसरबाई रोज विचारतात, त्यांनाही सांगवेना, कारण बाईंना सांगितलं की रिझाला कळणार.

मला पत्र लिहू नकोस. मी लिहीन तेव्हा लिहीन.

येतेर


श्टुटगार्ट
२१ ऑगस्ट १९७२

ती. आब्ला, सा. न.

तू म्हणालीस म्हणून लिहिलं नाही. तीन महिने होत आले. हमदीला विचारलं तर तो लिहितो, तुझी बहीण छपरावर दिसते, जिवंत आहे, मला दगड मारते. एवढ्यावर समाधान मानतोय.

हानेलोरे म्हणते, पत्रं कसली लिहितोस, जाऊन तोंड दाखव. ऑक्टोबरची रजा मिळाली आहे. खरंच मिळाली आहे, 'नक्की' लिहीत नाही. आम्ही दोघं येऊ का, एवढंच कळव. नको म्हणालीस तरी मी एकटा येईन आणि रिझा आगाच्या दारात उभा राहीन.

दुर्मुश


कायाबाशी
६ ऑक्टोबर १९७२

चि. दुर्मुश यास आणि चि. सौ. हानेलोरे हिस येतेर आब्लाचे अ. उ. आ. वि. वि.

बघ, सौ. लिहिलं. तिला वाचून दाखव, आणि सांग की तुझी नणंद चावत नाही, फक्त भुंकते.

खांब उभा राहिला. मंगळवारी, कप्पी आणि साखळदंड लावून, चाळीस माणसं ओढायला. नवं गाव झाडून आलं होतं. हमदीनं भाषण केलं, त्यात त्यानं कायाबाशीच्या लोकांनी हा ठेवा शतकानुशतकं जिवापाड जपला असं सांगितलं. मी त्याच्या कानाजवळ जाऊन विचारलं, की शुक्रवारी गाढव जुंपून जपला का. त्याचं भाषण तिथेच आटोपलं.

तुकडा रिझाच्या छपरावरचाच. प्रोफेसरबाईंनी स्वतःच्या हातानं धुतला, स्वतःच्या दाताच्या ब्रशनं घासला. तुझी कपची एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला अक्षरं, सगळीच्या सगळी. बाईंनी वाचलं आणि त्या मोठ्या टोपीसकट खाली बसून हसत सुटल्या. मला वाटलं ऊन लागलं. मग मला वाचून दाखवलं. वरच्या पाच तुकड्यांवर काय होतं, तर मेनिप्पोसनं बाजाराला कबूल केलेला हा खांब. आणि आपल्या तुकड्यावर काय आहे, तर: त्याची बहीण आम्मिया हिने उभा केला.

एवढंच. अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे म्हणतात. भावानं भर बाजारात छाती काढून सांगितलं, मी देतो, मी देतो, आणि मग त्याची गाडी बिघडली असणार. मी बाईंना म्हटलं, आता ती पाटी उपटा. त्यांनी उपटली. नव्या पाटीवर आम्मियाचं नाव आहे. मेनिप्पोसचंही राहू द्या म्हटलं मी, बारीक अक्षरात. शेवटी भाऊ आहे.

आता मुख्य गोष्ट. ही मी तुझ्यासाठी मुद्दाम मागे ठेवली.

ऑगस्टच्या शेवटी मी चहाची किटली घेऊन रिझाच्या छपरावर गेले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला ऐकू यावं म्हणून सगळं ओरडून सांगितलं. तू, गाढव, हमदी, शुक्रवार, सगळं. खाली खणणारे मजूर फावडी टेकून ऐकत उभे राहिले. मी म्हटलं, मी तुझी गुन्हेगार आहे, माझा भाऊ तुझा गुन्हेगार आहे, सव्वीस वर्षं तुझ्या घरात जो पाऊस पडला तो आमचा होता.

तो चहा पीत राहिला. पेला संपवला, साखर तळाला उरली होती ती बोटानं चाटली, आणि म्हणाला, की ओरडू नकोस, मला चांगलं ऐकू येतं. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

दुर्मुश, त्याला माहीत होतं! त्या शुक्रवारनंतरच्या पहिल्या पावसात त्यानं ओढला तेव्हाच रूळ लंगडत चालला. म्हणाला, वीस वर्षं हाताखाली फिरलेला दगड माणूस ओळखत नाही होय? त्यानं कपची पाहिली, अक्षरं पाहिली, आणि मान वर केली तर नाटकघराच्या भिंतीआडून तू बघत होतास, चुन्यासारखा पांढरा पडून. त्यानं विचार केला, बाबांना कळलं तर पोराची हाडं मोडतील. चार दिवसांनी गुपचूप परत बदलून घेऊ. मग पाऊस लागला. मग तू लष्करात गेलास. मग त्यानं मला मागणी घातली.

मी म्हटलं, अरे गाढवा, तेव्हा का नाही तोंड उघडलंस? भर बायकांत मी तुझी अब्रू घेतली, तुला नाव ठेवलं, एक शब्द बोलला असतास तर मी हो म्हणाले असते!

तो म्हणाला, म्हणूनच. तू हो म्हणाली असतीस ती भावाच्या चुकीची भरपाई म्हणून. मला भरपाई नको होती.

मग मी विचारलं, बरं, नंतर तरी? बाबा गेले, दुर्मुश जर्मनीला गेला, आता कुणाची हाडं मोडणार होती? मी इकडे रूळ ओढत होते, तेव्हा तरी मागायचा होतास आपला दगड.

त्यानं किटलीचं झाकण नीट लावलं. मग म्हणाला, तुझं छप्पर कोरडं होतं ना.

मी पेला फेकला त्याच्या अंगावर. लागला नाही. मग तिथेच, मजुरांच्या देखत, ओढणीत तोंड घालून हमसून रडले, आणि त्यानं शेळीपेक्षा बरं केलं, आपला रुमाल दिला.

निकाह वीस तारखेला आहे. घर रिकामं केलं आहे. रडले नाही, रडणं आधीच संपलं होतं. रूळ मात्र बरोबर आणला, आम्ही दोघांनी मिळून वाटेनं लोटत. हमदी विचारतो, कौलांच्या घराला रूळ कशाला? म्हटलं, डाळिंबाखाली बसायला. दगड रिझाचा, डाळिंब तुझं, बूड माझं. एकोणीस नंबरच्या कौलांवर रिझानं स्वतः चढून चार घागरी ओतून पाहिल्या. एक थेंब आत आला नाही. तो आत येऊन छताकडे बघत उभाच राहिला, त्याला करमेना.

तुझी गादी खिडकीपाशी घातलीय. शेजारी हानेलोरेसाठी दुसरी शिवली, लोकर गावच्याच मेंढ्यांची. राहायला येऊ नका, पाहुणे म्हणून या, पण या. खांबाखाली उभा राहून पाटी वाच, मग रिझाच्या हाताचा मुका घे. तो काही बोलणार नाही. तू बोल.

लोभ कोरडा नसावा. बाकी सगळं आता कोरडं आहे.

तुझी
येतेर आब्ला